पहिल्याला ऐकू येत नाही

मार्चमध्ये आगाशीत ऊन सकाळी नऊलाच टोचायला लागतं, आणि सुकेळ्यांना तेच हवं असतं. मामाच्या खळ्यात मांडवावर सोललेली राजेळी केळी ओळीने मांडली होती. तिसरा दिवस होता. पहिल्या दिवसाचा पांढुरका रंग जाऊन त्यांच्या कडा मधासारख्या झाल्या होत्या आणि बोटाला चिकटत होत्या. मी एकेक केळं उलटत होते. मामा बाकावर बसून काठीने कावळे हाकत होता. माडीवरच्या खोलीतून गिटारचे तेच चार सूर येत होते, थांबत होते, पुन्हा येत होते.

"एकविसाव्यांदा," मामा म्हणाला. "सकाळपासून मोजतोय मी."

माडीवर माझा मामेभाऊ होता. वसई-विरारकडच्या चार पोरांचा बँड आहे, त्यात तो गिटार वाजवतो. सहा वर्षं त्यांची तालीम याच माडीवर व्हायची. नाताळ संपला आणि त्याने खिडकीला गादी उभी केली, दार लावलं आणि एकट्याची रेकॉर्ड करायला घेतली. बँड मोडलेला नाही, कुणाचं कुणाशी वाजलेलं नाही. पण जिन्यावरची चपलांची रास गेली, आणि मामाला ती रोज दिसते, म्हणजे नसलेली दिसते.

मामाने गावच्या ब्रास बँडमध्ये 38 वर्षं ट्रंपेट वाजवला. लग्नाला, चर्चच्या सणाला, मयताला. आणि सगळी 38 वर्षं सेकंड, म्हणजे मूळ चालीच्या खालची ओळ. फर्स्ट वाजवणारा जोडीदार चार वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून बँड बसला तो बसलाच.

आमचं बोलणं घरच्या कुपारी बोलीत झालं. इथे ते प्रमाण मराठीत लिहिते आहे, त्यात मामाचा निम्मा ठसका जातो हे मला कळतं.

"बाय, मला एक सांग," मामा म्हणाला. "चार जणांचं जेवण असताना एकट्याने चूल मांडायची कशाला?"

"चूल मोडली नाही मामा त्याने. एक दिवस स्वतःपुरतं शिजवतोय."

"एक दिवस? तीन महिने झाले."

मी ठरवूनच आले होते. फोनवर गोव्याच्या रेमो फर्नांडिसची 1984 सालची 'गोअन क्रेझी' ही रेकॉर्ड घेऊन. मामाला रेमो माहीत आहे, त्या पिढीत रेमो माहीत नसलेला वसईकर ख्रिस्ती मला अजून भेटायचाय. पण त्याला माहीत होता तो 'जलवा' सिनेमाचा रेमो, मोठ्या स्टेजवरचा. मला त्याला आधीचा माणूस सांगायचा होता.

"रेमो आधी बँडवालाच होता," मी म्हटलं. "मुंबईत आर्किटेक्चर शिकत असताना सॅव्हेजेसमध्ये वाजवायचा."

"सॅव्हेजेस!" मामाची काठी थांबली. "त्यात आपला नंदू भेंडेही होता. आत्माराम भेंड्यांचा मुलगा. पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त गायचा, तो."

"तोच. तर रेमोने 1977 ते 80 युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घातली, लिफ्ट मागत. तिथल्या बँडांतही वाजवलं. आणि मग शिवोलीला घरी परत आला, चार ट्रॅकचा पोर्टास्टुडिओ समोर ठेवला आणि अख्खी कॅसेट एकट्याने केली. शब्द त्याचे, चाली त्याच्या, वाद्यं सगळी त्याने वाजवली, आवाज सगळे त्याचे. वेष्टनावरचं चित्रही त्याचंच. मग स्कूटरवर कॅसेटी घालून दुकानादुकानात दिल्या."

"सगळी वाद्यं एकट्याने?"

"सगळी."

"म्हणजे त्याच्याशी वाजवायला कुणी नव्हतं."

याच वाक्यावर आमचा वाद सुरू झाला, आणि मामा अडाणीपणाने बोलत नव्हता हे मी आधीच सांगते. मला वाटलं होतं, जुन्या माणसाची जुनी तक्रार असेल, पोरं एकलकोंडी झाली वगैरे. तसं नव्हतं. त्याच्या मनात एक नेमका आक्षेप होता, आणि तो वाजवणाऱ्याचा होता.

त्याने आधी मला यंत्र समजावून सांगायला लावलं. मी सांगितलं ते असं. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे, दोन उलट्या बाजूचे. पोर्टास्टुडिओ ते चारही पट्टे एकाच दिशेने वापरतो, म्हणून कॅसेट उलटायची सोयच राहत नाही. शिवाय आवाज स्वच्छ यावा म्हणून अशा बऱ्याच यंत्रांत फीत दुप्पट वेगाने पळते. म्हणजे 60 मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम 15 मिनिटं. पहिल्या पट्ट्यावर गिटार भरायची. ती कानात ऐकत दुसऱ्यावर बास. दोन्ही ऐकत तिसऱ्यावर ताल. आता चौथाच पट्टा उरला आणि अजून गायचंय, दुसरा आवाज घालायचाय. मग पहिले तीन मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा वापरायला घ्यायचे.

"पुसायचे?"

"पुसायचेच. आणि एकदा मिसळले की परत सुटे होत नाहीत. बास जास्त झाला तर जास्तच राहतो. दर वेळी फितीची खरखरही थोडी वाढते."

मामा बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, तो थक्क झाला. तो विचार करत होता.

"यात एक गोष्ट चुकते," तो म्हणाला. "पहिल्याला ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"अगं, गिटार वाजवून झाली, फितीवर बसली. मग बासवाला आला. बासवाला गिटार ऐकतो. गिटारवाला बासवाल्याला कुठे ऐकतो? तो तर कालच वाजवून उठून गेला. आमच्यात असं नव्हतं. मी सेकंड वाजवायचो, फर्स्ट तो. लोकांना वाटतं सेकंड फर्स्टच्या मागे जातं. मागे जायचंच. पण माझा दम कमी पडला की त्याला कळायचं. तो मूळ सूर अर्धा श्वास आधी सोडायचा, म्हणजे मलाही सोडता यावा. ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. मे महिन्यातल्या लग्नांत, दुपारी, पायाखाली डांबर वितळलेलं असायचं, तेव्हा तसं नसतं तर मी पडलो असतो. तुझ्या त्या यंत्रातला पहिला कुणासाठी काही सोडत नाही. त्याला कुणी दिसतच नाही."

मी अनेक लेख वाचलेत एकट्याने केलेल्या रेकॉर्डांवर. एकांताचं कौतुक वाचलंय, स्वातंत्र्याचं वाचलंय. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. खळ्यातल्या बाकावर बसलेल्या सेकंड ट्रंपेटवाल्याने सांगितली.

मला उत्तर द्यायला वेळ लागला. मी केळ्यांची अख्खी एक ओळ उलटली.

"पण मामा, जो बँडमध्ये वाजवून आलाय त्याला पुढचे लोक माहीत असतात ना. रेमो पहिली गिटार भरत होता तेव्हा बास येणार हे त्याला ठाऊक होतं, कारण बास वाजवणारही तोच होता. तो जागा सोडून वाजवतो. ऐक."

मी फोन बाकावर ठेवला. 'गोअन क्रेझी' काही हळवी, कुजबुजती रेकॉर्ड नाही. ती नाचरी आहे, खट्याळ आहे. गोव्यातल्या बंद पडणाऱ्या टेलिफोनवर ग्रॅहम बेलला उद्देशून केलेलं गाणं आहे तीत. पण मला ती जवळची वाटते ती दुसऱ्याच कारणाने. त्यात खोली ऐकू येते. मोठ्या स्टुडिओत काढून टाकतात ते सगळं, आवाजाच्या कडा, फितीचा श्वास, एकाच गळ्याचे तीन थर एकमेकांवर न बसता किंचित सरकलेले. कुणीतरी आपल्या घरात, आपल्या भिंतींना ऐकवत गातंय हे कळतं.

मामाने दोन गाणी ऐकली. "जागा सोडतो," त्याने मान्य केलं. "पण ती जागा त्याच्याच मापाची आहे. दुसरा येऊन बसला असता तर मांडी घालून बसला असता, पाय पसरले असते. हा स्वतःच्याच मापाने शिवतोय."

"मग त्यात वाईट काय?"

"वाईट नाही म्हणत मी. अंगाला बसतंय. पण चकित कोण करणार त्याला?"

इथे मी रोख बदलला. मामा सुरांबद्दल बरोबर असेल, पण नावाचं काय? हा मुद्दा मला आतून लागतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले किती वादक मुंबईच्या सिनेमात गेले. सेबॅस्टियन डिसोझा वर्षानुवर्षं शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंदाचं लेखन करत होते. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला तो उसळता ट्रंपेट चिक चॉकलेटचा. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाच्या तोंडी आलं ते 1977 मध्ये, एका सिनेमातल्या गाण्यामुळे, आणि तेव्हाही कितीजणांना माहीत होतं की हे खऱ्या व्हायोलिनवादकाचं, प्यारेलालच्या गुरूंचं नाव आहे? तबकडीवर नाव संगीतकाराचं, गायकाचं. मागे बसलेल्या पन्नास जणांचं कुठेच नाही.

"रेमो उलट वाटेने गेला," मी म्हटलं. "मुंबईहून गावात. आणि कॅसेटवर एकच नाव, जे खरोखर वाजवतंय त्याचं. मामा, तू 38 वर्षं वाजवलंस. तुझं नाव कुठे आहे?"

हे मी बोलायला नको होतं, निदान त्या शब्दांत नको होतं. मामाला राग आला नाही. त्याने काठी गुडघ्यावर आडवी ठेवली.

"या गावात बरीच माणसं पुरली मी," तो म्हणाला. "वाजवत नेली. त्या घरच्यांनी कधी विचारलं नाही, सेकंड कोण होता. मी तरी कशाला सांगू? बापाच्या पेटीमागून चालणाऱ्या माणसाला सूर हवा असतो, बाय. त्याला आधार हवा असतो. नाव नको असतं. आणि खरं सांगू का, त्यात मोकळं वाटायचं. मी चुकलो तरी बँड चुकला नाही. माझा दिवस वाईट असला तरी सूर गावाचा होता."

"आणि तुझा दिवस खूप चांगला असला तर?"

"तर तेही कुणाला कळलं नाही." थोड्या वेळाने तो म्हणाला, "असे दिवस होते हां."

माडीवर पुन्हा चार सूर आले. या वेळी पाचवाही आला.

मला अजून एक गोष्ट त्याला सांगायची होती, कारण ती माझ्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ई स्ट्रीट बँड म्हणजे अमेरिकेतला गाजलेला, एकदिलाचा बँड. जानेवारी 1982 मध्ये त्याने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, असल्याच चार ट्रॅकच्या यंत्रावर गिटार, हार्मोनिका आणि गळा घेऊन गाणी भरली. बहुतेक गाणी एकाच दिवसात. ती रेकॉर्ड नव्हतीच, बँडला ऐकवायचा कच्चा खर्डा होता. कॅसेट कित्येक दिवस डबीशिवाय त्याच्या खिशात फिरत होती. मग बँड स्टुडिओत जमला आणि तीच गाणी सगळ्यांनी मिळून वाजवली. जमेनात. सूर चुकत होते असं नाही. पण त्या गाण्यांतली माणसं एकटी होती, बाजूला ड्रम वाजला की ती एकटी राहत नव्हती. शेवटी खिशातलीच कॅसेट सप्टेंबरमध्ये 'नेब्रास्का' म्हणून बाहेर पडली.

"बँडवाले रुसले?"

"नाही. ऐकल्यावर त्यांनाही कळलं असावं. पुढची रेकॉर्ड पुन्हा सगळ्यांनी मिळून केली, ती तुफान चालली."

"म्हणजे तो परत आला," मामा म्हणाला. त्याला गोष्टीतलं तेवढंच हवं होतं.

मग मी त्याला एड्रियन लेंकरबद्दल सांगितलं. बिग थीफ बँडची गायिका. 2020 च्या मार्चमध्ये साथीमुळे त्यांचा दौरा अर्ध्यावर सुटला, ती मॅसॅच्युसेट्सच्या रानातल्या लाकडी खोलीत जाऊन राहिली आणि तिथे फितीवर गाणी भरली. त्यात पाऊस आहे, पक्षी आहेत. मी 'सॉन्ग्ज' नावाची ती रेकॉर्ड त्या वर्षी रात्री कानाला लावून ऐकायचे. विरारची गाडी बंद होती, चर्च बंद होतं, मयताला मोजकीच माणसं जमत होती. माझ्यासाठी तेव्हा एका माणसाचा आवाज पुरेसा होता, उलट चौघांचा सहन झाला नसता. हे मी मामाला वाद म्हणून सांगितलं नाही, आणि त्यानेही त्याला उत्तर दिलं नाही. त्या वर्षी त्याने बँडविना पुरलेली माणसं पाहिली होती.

"मामा, तुला खरं काय डाचतंय?" मी विचारलं. "सूर की चपला?"

तो हसला नाही. "दोन्ही," म्हणाला. "पण चपला जास्त. आमचा बँड काही एका दिवसात बसला नाही, बाय. आधी तालीम गुरुवारची रविवारवर गेली. मग कुणाची रात्रपाळी, कुणाचं विरारला फ्लॅटमध्ये जाणं. मग फर्स्टवाला गेला. कुणी म्हणालं नाही की आता बंद. नुसतं जमणं राहिलं. मी जिना बघतो तेव्हा मला तेच आठवतं."

यावर माझ्याकडे काही नव्हतं. रेमो, स्प्रिंगस्टीन, कुणीच कामाला आलं नसतं. माझं मत बदललं नाही, ते अजूनही तेच आहे. बँडमधल्या माणसाने एकदा तरी एकट्याने वाजवून बघावं, नाहीतर आपल्या आत काय चाललंय ते त्याला कधीच ऐकू येत नाही, इतरांच्या आवाजात ते झाकलेलं राहतं. पण मामाची भीतीही खोटी नव्हती. काही दारं एकदा लागली की कुणी रागावलेलं नसतानाही लागलेलीच राहतात.

दुपारी भाऊ खाली आला. डोळे लाल, केसांत गादीचा कापूस. मी दोघांत पडायच्या आधीच त्याने विचारलं, "पप्पा, एक ऐकणार का? अजून कच्चं आहे."

मामाने मान हलवली. भावाने छोटा स्पीकर बाकाच्या टोकावर ठेवला.

गिटार सुरू झाली, तेच चार सूर. खोलीतला पंखा ऐकू येत होता. मग आवाज आला, शब्द नव्हते, नुसता आकार. चाल विचित्र होती. वर जाईल असं वाटावं तिथे ती एका सुरावर थांबायची, मग दोन पायऱ्या उतरायची, मग घाईने चारपाच सूर घेऊन पुन्हा त्याच जागी. कुठेच पोचत नव्हती, पण ऐकताना गळ्याशी काहीतरी येत होतं. मला ती ओळखीची वाटली आणि ओळखता येईना.

मी मामाकडे पाहिलं. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं काठीवर हलत होती. पहिलं आणि दुसरं खाली, मग मोकळी, मग नुसतं पहिलं. पिस्टन दाबल्यासारखी.

"हे सेकंड आहे," तो म्हणाला. "हे माझं सेकंड आहे. मयत घरातून निघताना वाजवायचो ते."

आणि मग मलाही कळलं. लहानपणी सुट्टीत इथे यायचे तेव्हा मामा मागच्या ओटीवर एकटाच सराव करायचा. फर्स्टवाला आपल्या घरी करायचा. आम्हा पोरांना ओटीवरून ऐकू यायचं ते नेहमी सेकंडच, मूळ चालीशिवाय. आम्हाला वाटायचं, हीच गाणी आहेत.

"मला माहीत होतं तुमचंच आहे," भाऊ म्हणाला. "पण पूर्ण गाणंच आहे असं वाटायचं मला. वर अभ्यास करताना रोज ऐकायचो."

"पूर्ण कसं असेल? याच्यावर फर्स्ट कुठे आहे?"

"तो मला येत नाही. मयतात कधी नीट ऐकलाच नाही. सगळे रडत असतात."

"फर्स्टशिवाय याला अर्थ नाही."

"मला वाटतो, पप्पा."

कुणी आवाज चढवला नाही. गाणं संपलं होतं, स्पीकरमधून नुसता पंखा येत होता.

"पुन्हा लाव," मामा म्हणाला.

भावाने लावलं. या वेळी मामा गुणगुणायला लागला. सेकंड नाही, त्याच्या वरची ओळ. आयुष्यभर शेजारून ऐकलेली, कधीच न वाजवलेली. आवाज घोगरा होता, पण सूर पक्का होता. भावाचा आवाज खाली, मामाचा वर, आणि मला पहिल्यांदाच ती चाल पुरी ऐकू आली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. मग घाईच्या चारपाच सुरांची जागा आली आणि मामा थांबला.

"इथे तो काय करायचा?" तो म्हणाला. मला विचारत नव्हता. "इथे माझी बोटं भरभर जायची. मोजत असायचो मी. इथे तो..."

त्याने एक सूर लांबवून पाहिला. मान हलवली. दुसरा धरून पाहिला.

"पुन्हा लाव."

मांडवाच्या टोकाला कावळा येऊन बसला. काठी मामाच्या हातातच होती, बोटं तिच्यावर हलत होती.